साडेआठचं वाचन

पहाटे ५.३०

आमच्या घरात दिवसाचा पहिला खर्च पंपाचा. विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप तासभर चालला तर पाऊण ते एक युनिट खातो. वीस मिनिटांत टाकी भरते, म्हणजे रोजचं पाव युनिट, महिन्याचे सात-आठ. एवढा काटेकोरपणा शंभराच्या रेघेसाठी. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांपर्यंत एक, एकशेएकपासून तीनशेपर्यंत दुसरा, आणि या दोहोंत बराच फरक. शंभर ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने येतं, असं आमच्या आळीत अर्ध्या लोकांना वाटतं. तसं नाही. महाग होतात ती फक्त शंभराच्या वरची युनिटं. तरीही रेघ ती रेघ. म्हणून आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर, सोडणं आणि वाळलेल्या झावळ्या घालून. माडांच्या गावात राहून पाणी गिझरवर तापवायचं हे सासूबाईंना पटत नाही, आणि बिल बघितलं की मलाही पटत नाही.

सकाळी ६.१५

दूध आलं. कालनिर्णयवर आजच्या चौकटीत ‘१’ लिहिला.

हे कॅलेंडर १९७३ साली निघालं, आणि छापणाऱ्यांनी तिथी-नक्षत्रांसाठी ठेवलेल्या जागेतून उरलेला कोपरा बायकांनी तेव्हापासून दुधासाठी वापरला असणार. आमच्या चौकटीत दूध तर असतंच, शिवाय सिलिंडर कधी लावला, कुणाचं रिचार्ज कधी संपतं, रिक्षाचा हप्ता, बचत गटाची बैठक, सगळं असतं. रिचार्जचं गणित तर कॅलेंडरशिवाय जमतच नाही, कारण अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन महिन्याच्या कुठल्याच तारखेला नीट बसत नाही. दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतो आणि वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा ठेवा. असे प्लॅन आहेत, पण शोधावे लागतात. घरात चार फोन. तेराव्या रिचार्जची चार वेळची रक्कम म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा चहा आणि साखर.

हिशेबाचं एक अ‍ॅप लेकीने मला घालून दिलं होतं. चांगलं होतं, रंगीत गोल वगैरे काढून दाखवायचं. पण ते माझ्याच फोनमध्ये. भिंतीवरचं येता-जाता सगळे बघतात. सासूबाई चष्मा लावून वाचतात, आणि “कालचं दूध मांडलंस नाय गो” म्हणतात. अ‍ॅपला हे विचारणारं कोणी नव्हतं.

सकाळी ७.३०

घर रिकामं होतं. लेक कॉलेजला, पूल ओलांडला की रत्नागिरी, पण तेवढ्यासाठीही एस.टी.चा पास लागतो. हे रिक्षा घेऊन निघतात. रिक्षात क्यूआर आणि बोलणारा डबा आहे, ‘इतके रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मंदिरात जाणारी माणसं आणि झरी विनायकाला येणारे पर्यटक हल्ली सुट्टे विचारतच नाहीत. यामुळे एक गंमत झाली. पूर्वी खिशात पैसे असत आणि संध्याकाळी ते फळीवर पडत. आता पेट्रोलपुरतीच नोट खिशात, बाकी सगळं खात्यात, आणि रिक्षाचा हप्ता त्याच खात्यातून आपोआप जातो. गाडी दिवसभर कमावते, पण घरात काहीच येताना दिसत नाही.

सकाळी ८.४५

राजिवड्याची मावशी पाटी घेऊन आली. बांगडे होते, आणि खाडीतले मुळे. मी मुळे घेतले. बांगडा दोन दिवसांमागेच झाला होता.

मावशीच्या पाटीला आतल्या बाजूने क्यूआर चिकटवलेला आहे, वर प्लॅस्टिक. मी फोन काढला तर तिने हात आडवा केला. “तू रोख दे. तो झिलग्याचा हाय.” खातं मुलाचं, फोन मुलाचा, डबाही मुलाकडेच. पुलाकडच्या बंगल्यांतून दिवसभर पैसे त्याच्याकडे जातात आणि मावशीला संध्याकाळी पाटी रिकामी झाल्याचं कळतं, किती झाले ते कळत नाही. पोर वाईट नाही. मागितले की देतो. पण स्वतःच्याच विक्रीचे पैसे मागून घ्यायचे! म्हणून जी गिऱ्हाइकं ओळखीची, त्यांच्याकडून ती नोटा घेते आणि कनवटीला लावते.

तिला पोस्टाच्या बँकेचं सांगितलं. २०१८ पासून पोस्टाची पेमेंट बँक आहे, पोस्टमन घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर खातं उघडतो, त्या खात्याचा क्यूआरही मिळतो. मावशी म्हणाली, मासे खरवडून माझ्या बोटाच्या रेषा गेल्या, अंगठा लागत नाय. हे मला आधी सुचलंच नव्हतं.

सकाळी १०.१५

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. सासरे एस.टी.त चालक होते. त्यांच्यामागे सासूबाईंना भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून विधवा पेन्शन येते. या योजनेचं किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे आणि अजूनही हजारच आहे. हजारात काय होतं ते विचारू नये. पण ते त्यांचे हजार आहेत.

या पेन्शनला नोव्हेंबरचीच सक्ती नाही. दाखला वर्षात कधीही द्यावा, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. तरी सगळे नोव्हेंबरातच धावतात, कारण सरकारी पेन्शनवाले शेजारी नोव्हेंबरात धावतात. आम्ही मागच्या वर्षी याच सुमारास दिला, म्हणून आम्हीही आत्ताच.

आधी रांग असायची. आता फोनवर दोन अ‍ॅप लागतात, एक चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं. सुरुवातीला फोन चालवणाऱ्याने, म्हणजे मी, स्वतःचा आधार, ओटीपी आणि चेहरा द्यायचा. मग पेन्शनदाराचा आधार नंबर, पीपीओ नंबर, खात्याचा नंबर. मग चेहरा. सासूबाईंना खळ्यात उजेडाकडे तोंड करून बसवलं. पडद्यावर गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा आणि डोळे मिटून उघडायचे. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच.

“आई, उघडा.”

“तू मीट म्हणालीस.”

दुसऱ्या वेळी पदर कपाळावर आला. तिसऱ्या वेळी आजूबाजूच्या कोंबड्यांवर ओरडण्यासाठी त्यांनी मान फिरवली. मग झालं. मेसेज आला, प्रमाण क्रमांकासकट. तो मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि कॅलेंडरच्या पुढच्या वर्षाच्या पानावर काय लिहायचं ते वहीत नोंदवून ठेवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी जिती आहे हे आता सरकारला कळलं. तुला कधी कळणार? चहा ठेव.”

सकाळी ११.४५

सिलिंडरवाला दारात, आणि कोड पुण्यात.

हल्ली सिलिंडर देताना नोंदवलेल्या मोबाइलवर एक कोड येतो, तो सांगितल्याशिवाय सिलिंडर उतरत नाही. नियम चांगला आहे, आपल्या नावचा सिलिंडर दुसरीकडे जात नाही. पण कधी काळी मुलाने हौसेने सगळे फॉर्म भरले तेव्हा स्वतःचा नंबर घातला. आता तो चाकणला कारखान्यात, आणि पाळी सुरू असताना फोन लॉकरमध्ये. कालच्या फोनवर मी त्याला आठवण करून दिली होती, तरीही. सिलिंडरवाला भला माणूस, दुपारी परतताना येतो म्हणाला.

यावरून मी एक काम केलं आहे. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता: लाइट बिलाला कोणाचा नंबर, गॅसला कोणाचा, चौघांच्या आधारला, बँकेला, रेशनकार्डाला, रिक्षाच्या विम्याला. लिहायला बसले तेव्हा कळलं की निम्मं घर मुलाच्या खिशात आहे. एकेक नंबर बदलतेय. पासवर्ड मात्र वहीत नाहीत, पिन तर नाहीच.

दुपारी १.३०

मुळ्यांचं सुकं, भात, सोलकढी. जेवण झालं की सासूबाई ओटीवर आडव्या होतात आणि बोलतात. आज विषय मनीऑर्डरचा, कारण मुलाचे पैसे आले का हे त्यांनी सकाळपासून दोनदा विचारलं होतं.

त्यांचे थोरले दीर मुंबईला गिरणीत होते. टपाल खात्याने मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू केली, आणि पुढची शंभर वर्षं कोकणातली चूल तिच्यावर पेटली म्हटलं तर फारसं खोटं नाही. पगार झाला की काही दिवसांत पोस्टमन यायचा. आळीच्या टोकापासूनच लोकांना कळायचं कुणाकडे चाललाय. ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा. सही नाही तर अंगठा, अंगठ्याला साक्षीदार. नोटा मोजून हातात. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींची जागा असे. त्यात भावजींनी काय लिहिलंय ते पोस्टमनच वाचून दाखवायचा, आणि घरातले सगळे, शिवाय साक्षीला आलेला शेजारी, ऐकायचे. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पोस्टमन आळीतून नुसता पुढे जायला लागला. कुणाच्या दाराशी किती महिने थांबला नाही, हेही सगळ्या आळीला ठाऊक.

हे ऐकताना गोड वाटतं, पण मी सासूबाईंना विचारलं, त्यातले तुमच्या हातात किती यायचे? त्या उठून बसल्या. “माझ्या? मनीऑर्डर सासूच्या नावावर. मी धाकटी सून. बांगड्या भरायला पैसे मागायला लागायचे, तेही चौघांत.”

म्हणजे पैसे सगळ्यांना दिसायचे, पण हात एकाचाच लागायचा. आता उलट झालंय. हात ज्याचा लागतो त्यालाच दिसतात. मावशीचा मुलगा त्याच्या फोनमध्ये बघतो, आमचे हे त्यांच्या, मी माझ्या. मला त्या पोस्टमनचे दिवस नको आहेत. त्याचं वाचून दाखवणं तेवढं हवं होतं, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी ते काम अंगावर घेतलं. ते रात्री साडेआठला.

दुपारी ३.००

गटाची बैठक, यावेळी आमच्या खळ्यात. बचत गोळा, कर्जाचे हप्ते, व्याज, वही. माझ्याकडे वही आहे म्हणून मला सगळ्यांची घरं ठाऊक असतात, आणि ती इथे लिहायची नाहीत. दोघींनी आंब्याच्या फवारणीसाठी कर्ज मागितलं. थंडी पडली की मोहर, मोहर आला की तुडतुडा, आणि पैसे मात्र एप्रिल-मेमध्ये पेट्या वाशीला गेल्यावर. मधले सहा महिने असेच पार करायचे असतात. दिलं.

खरा वेळ गेला लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत. महिन्याचे १,५०० रुपये. पडताळणीत आधी बाईच्या आधारचा ओटीपी आणि मग नवऱ्याच्या, लग्न झालं नसेल तर वडिलांच्या आधारचा. आमच्यातल्या एकीचा नवरा खलाशी, बोट समुद्रात, फोन रेंजबाहेर. तिचा ओटीपी अरबी समुद्रात कुठेतरी पडला. बाईच्या नावाचे पैसे, बाईच्या खात्यात येणारे, आणि कुलपाची एक किल्ली पुन्हा नवऱ्याच्या फोनमध्ये. उत्पन्न तपासायचं तर कुटुंब तपासावं लागतं हे मला समजतं. तरी ती बिचारी बोट परत यायची वाट बघतेय, आणि बोट आली की नवरा झोपणार, हेही तिला माहीत आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं की बोट लागेल त्या सकाळीच बंदरावर फोन घेऊन जायचं.

उठता उठता एकीने तिच्या फोनवर आलेली लग्नपत्रिका दाखवली. अनोळखी नंबर, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. पत्रिका कधी एपीके नसते. ते अ‍ॅप असतं, आणि एकदा आत आलं की ओटीपीचे मेसेज वाचायला बसतं. पुसायला लावली. वीजबिल भरलं नाही म्हणून आज रात्री वीज तोडू, हा मेसेज आता सगळ्यांना पाठ झालाय, त्याला कोणी फसत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन, आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, देतानाच लागतो, हे मी प्रत्येक बैठकीत म्हणते. आरती म्हणावी तसं आता त्या माझ्याबरोबर म्हणतात.

संध्याकाळी ५.१५

सिलिंडर आला, मुलाची पाळी सुटली, कोड मिळाला.

मग सुरूच्या बनापलीकडे जाऊबाईंच्या शहाळ्याच्या टेबलाशी थोडा वेळ. माल आमच्याच माडांचा. दोन ‘प्रताप’ आहेत, इथल्याच नारळ संशोधन केंद्राने काढलेली जात. १९५५ पासून हे केंद्र गावात आहे आणि गावातले लोक तरीही रोपं विकत घ्यायच्या आधी शेजाऱ्याला विचारतात. पर्यटक पुण्या-कोल्हापूरचे. शहाळं हातात घ्यायच्या आधी “स्कॅनर आहे?” हा प्रश्न.

जाऊबाईंचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या खात्याचा आहे. तरी त्या टेबलाखाली पत्र्याचा डबा ठेवतात, त्यात सुट्टे आणि काही नोटा. कारण मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, वीज गेली, मग टॉवर गेले, आणि ज्यांचे सगळे पैसे फोनात होते त्यांना मेणबत्त्याही उधार घ्याव्या लागल्या. आदल्या वर्षी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात याहून वाईट केलं होतं. तेव्हापासून आमच्याकडेही तांदळाच्या डब्यात पंधरा दिवसांच्या खर्चाची रोकड असते. ती कोणी मोडायची नाही. मोडली तर कॅलेंडरवर लिहायचं.

रात्री ८.३०

जेवणं झाली की वाचन. दिवसभरात घरातल्या चारही फोनांवर पैशाचे जे मेसेज आले ते मी एकेक करून मोठ्याने वाचते. पाच-सात मिनिटांचं काम. सुरुवातीला ह्यांना ते चौकशीसारखं वाटलं. वाटणारच. मग मी आधी स्वतःचे वाचायला लागले.

आज: रिक्षाच्या खात्यात दिवसभरातल्या रकमा, बहुतेक तीस, चाळीस, एक दोनशेची. माझ्याकडून किराणा. सासूबाईंच्या दाखल्याचा मेसेज, त्यांनी पुन्हा वाचायला लावला. लेकीच्या फोनवर एका गाण्याच्या अ‍ॅपचा, उद्या अमुक रुपये आपोआप कापले जातील. ही आगाऊ सूचना आदल्या दिवशी आलीच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, फक्त ती कोणी वाचत नाही. लेक म्हणाली, तीन महिने फुकट होतं ते संपलं वाटतं. बंद केलं, यूपीआयमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन, सगळ्यांसमोर. यादीत आणखी एक निघालं. ह्यांचं. क्रिकेटचं. त्यावर चर्चा झाली आणि ते राहिलं.

मग लेकीने सांगितलं की दादाने परीक्षेच्या फीचे पैसे तिला परस्पर पाठवलेत, दुपारीच. मी इकडे फीची वेगळी तजवीज करून बसले होते. ह्यांना राग आला, परस्पर का म्हणून. पोरगा मनाने चांगला, बहिणीला लागले, दिले. आपल्या घरात फी दोनदा भरली जाण्याएवढी श्रीमंती नाही एवढंच. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “आई, पाठवले ना, मग काय झालं?” सासूबाईंनी फोन मागून घेतला. “पाठवलेस ते बरं केलंस. पण आम्हांला ऐकू नाय आलं.” पलीकडे तो हसला. आता त्याचे मेसेजही तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार आहे. बघू.

फीसाठी बाजूला काढलेले पैसे लेकीच्या नावाने पोस्टाच्या आवर्ती ठेवीत घालावेत असं मी म्हटलं, रिक्षाचं टायर बदलावं असं हे म्हणाले. टायर जिंकलं. खरंच गुळगुळीत झालंय.

रात्री १०.००

बँकेचा फॉर्म काढला. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं, बेरीज शंभर झाली पाहिजे. माझ्या खात्याला अजून लग्नाआधीचं नाव आहे, माझ्या वडिलांचं, आणि ते जाऊन वर्षं झाली.

हे म्हणाले, चार कशाला, मला एकट्याला ठेव, मी वाटीन. लेक म्हणाली, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. हे म्हणाले, तेच तर म्हणतोय. झोपलेल्या वाटणाऱ्या सासूबाई आतून बोलल्या, “पोरीचं नाव आधी घाल. झिलगे परस्पर करतात.”

नावं तिघांची ठरली. टक्के ठरले नाहीत. शुक्रवारी बँकेत जायचंय, तोवर भांडायला वेळ आहे.